कुलूप नसलेला कान

बार्शीच्या त्या गल्लीत एकाच भिंतीला पाठ टेकून उभ्या असलेल्या दोन घरांत एकाच वेळी एकच मालिका लागली, तरी कावेरीच्या अंगावरची साडी दोन्हीकडे सारखी नसे. उज्ज्वलाबाईंकडे ती अंजिरी रंगाची, बारीक बुट्ट्यांची. पलीकडे माळवदे वहिनींकडे हिरवीगार, जरीकाठाची. उज्ज्वलाबाईंची कावेरी गुडघ्याला तेल चोळत बसे. वहिनींची कावेरी नातवाला दूध देई, आणि त्या दुधाच्या पिशवीवरचं नाव माळवद्यांच्या दारात सकाळी पडणाऱ्या पिशवीवरचंच असे. याचं आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. गावागावाची सूर्योदयाची वेळ जशी वेगळी, तशी घराघराची कावेरी वेगळी.

याला घरप्रत म्हणत. 'चित्रओघ' कंपनीनं नटनट्यांचे चेहरे, आवाज, चालण्याची ढब एकदाच विकत घेऊन ठेवली होती. पुढची सगळी मालिका यंत्र रची, आणि ज्या घरानं बटण दाबलं त्या घरासाठी, त्याच क्षणी रची. घरात काय संपत आलंय, कुणाचं काय दुखतंय, हे पडद्याला ठाऊक असे. 'नऊ खणांचं घर' सुरू होण्याआधी एक मऊ आवाज रोज म्हणे : गोष्ट एकच, सजावट तुमची.

ही सजावट आली कशी, त्याचीही एक हकिकत आहे. उज्ज्वलाबाईंच्या लहानपणी जाहिरात मालिकेच्या मध्येच यायची. नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी गालावर उतरायच्या आत साबण यायचा. तेवढ्यात बायका उठून कुकर बंद करून यायच्या. पुढे, मागाल ते आणि मागाल तेव्हा बघायची सोय झाली, आणि लोकांनी पहिली कात्री लावली ती जाहिरातीला. हाकललेली जाहिरात मागच्या दारानं गोष्टीत शिरली. कधी कावेरीच्या हातातला चहाचा डबा झाली, कधी भिंतीचा रंग. पण माणसाची नजर शहाणी. थोड्याच वर्षांत ती डब्यावरून घसरायला शिकली. त्यानंतर जाहिरात कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही. नजरेआड झाली म्हणजे गेली, असंच सगळ्यांना वाटलं.

उज्ज्वलाबाई अडुसष्ट वर्षांच्या. धाकटी बहीण रोहिणी नाशिकला, चार वर्षांपूर्वी नवरा वारल्यापासून एकटी. दोघींची मालिका बघायची रीत जगावेगळी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार उज्ज्वलाबाईंचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार रोहिणीचे. जिची पाळी तिनं सकाळी भाग पाहायचा आणि दुपारी चार वाजता फोनवर दुसरीला सांगायचा. दुसरीच्या वाट्याचा भाग पाहायचा नाही.

ही वाटणी त्यांच्या आईनं घालून दिलेली. वाडीत तेव्हा टीव्ही एकच, कंपाउंडरच्या घरी. आई म्हणे, एकीनं जा, एकीनं भाकरीला हात लावा. गेलेली पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळी हापशावर कळशी भरता भरता सगळं सांगे. रोहिणी सांगायला लागली की मागची रांग खोळंबायची. बाया म्हणायच्या, होऊ दे गं तिचं पुरं, पाणी कुठं पळून चाललंय. आई जात्यावर डाळ भरडताना एक ओवी म्हणायची. पहिली ओळ ती म्हणे, दुसरी ओळ दोघींपैकी जी जवळ असेल तिनं म्हणायची :

माझ्या जिवीचं गुज, सांगू कुणाला बाई
बहिणीच्या कानाला, कुलूप लागत नाही

पुढे घरोघरी पडदे झाले, हवा तो भाग हवा तेव्हा पाहायची मुभा झाली, तरी दोघींनी वाटणी मोडली नाही. पाहण्यापेक्षा ऐकण्यात जास्त गोडी होती. रोज चारला फोन वाजे. "अक्का, बसलीस का? चहा घेतलास? मग ऐक."

सात महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी रोहिणीनं चारशे बारावा भाग सांगितला होता. तो उज्ज्वलाबाईंना शब्दन्‌शब्द पाठ होता.

कावेरीचा नवरा सदाशिव घड्याळं दुरुस्त करणारा. त्याला विसराळूपणाचा आजार जडलेला. बायकोला तो ओळखेना, पहाटे उठून दार उघडून चालू लागे. शेवटी कावेरीनं त्याला स्मृतिनिवासात ठेवलं, म्हणजे अशा माणसांना सांभाळणाऱ्या घरात. रोहिणीनं आवाज खाली आणून सांगितलं होतं, "आणि अक्का, तिसऱ्या दिवशी काय झालं ठाऊक आहे? तिथल्या पोरीनं त्याच्या मांडीवर एक मोडकं घड्याळ ठेवलं. त्याची बोटं आपोआप हलायला लागली. झाडाखाली बसला होता. कावेरी फाटकातून आत आली, तसं त्यानं वर न बघताच हाक मारली. कावेरी. अगं, नुसत्या पावलांवरून." थोडं थांबून ती म्हणाली होती, "अगदी आपल्या दाजींसारखा आहे गं तो. मला तर रडूच आलं."

दाजी म्हणजे उज्ज्वलाबाईंचे यजमान, दत्ताराव ढावरे. चाळीस वर्षं त्यांनी विजेच्या मोटरींच्या वाइंडिंगचं दुकान चालवलं. जळालेल्या पंपाची तार उसवून नवी तांब्याची तार भरायची, एकेक वेढा मोजत. आता नावं गेली, माणसं गेली, पण बोटांतली मोजणी राहिली होती. हातात तारेचा तुकडा दिला की तासन्‌तास वेढे घालत बसायचे, ओठांत आकडे. उज्ज्वलाबाई एकट्या. त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, दाराला आडवं पडायचं. दोनदा पाठ धरली. तरी बाहेर ठेवायचं त्यांनी मनात आणलं नव्हतं. रोहिणीचा तो भाग ऐकला, आणि बावीस दिवसांनी त्यांनी दत्तारावांना सोलापूरजवळच्या 'पारिजात स्मृतिनिवासा'त नेऊन सोडलं.

सहा महिने दर रविवारी त्या फाटकातून आत जात होत्या. मुद्दाम पावलं वाजवत. हाक आली नाही. तिथं तांब्याची तार चालत नव्हती, टोचेल म्हणून पहिल्याच दिवशी काढून घेतली होती. दत्ताराव रिकामी बोटं एकमेकांवर फिरवत बसायचे. उज्ज्वलाबाईंच्या मनात दर रविवारी येई, उचलावं आणि घरी न्यावं. मग त्यांना सदाशिव आठवे. त्याला तिसऱ्या दिवशी ओळख पटली. ह्यांना थोडा वेळ लागत असेल.

या रविवारी दत्तारावांनी त्यांच्याकडे बघून एका नर्सचं नाव घेतलं. उज्ज्वलाबाई परत आल्या आणि सोमवारी सकाळी त्यांनी साठ वर्षांत न केलेली गोष्ट केली. त्यांनी रोहिणीच्या वाट्याचा भाग लावला. फक्त ती हाक ऐकायची होती. आपल्या कानांनी, एकदा. बटण दाबताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं, आणि आईची आठवण झाली.

चारशे बारावा भाग सुरू झाला. कावेरी, अंजिरी साडी. फाटक. सदाशिव झाडाखाली. कावेरी आत आली, आणि सदाशिव तिच्या पलीकडे बघत राहिला. तिसरा दिवस गेला, महिना गेला. मांडीवर घड्याळ नव्हतंच. मग कावेरीनं घरच्या भिंतीवर एक आरशाएवढी काच बसवून घेतली. तिचं नाव 'भेटखिडकी'. त्या काचेतून निवासातला नवरा समोर बसल्यासारखा दिसे. काच उजळली, सदाशिवानं मान वळवली, आणि म्हणाला, "कावेरी."

उज्ज्वलाबाईंनी भाग पुन्हा लावला. पुन्हा तेच. चार वाजता त्यांनी फोन लावला.

"रोहे, चारशे बारावा भाग तू बघितला होतास का?"

"म्हणजे काय? सांगितला नव्हता का तुला?"

"सांगितलास. आज मी तो बघितला."

"माझा भाग बघितलास? अक्का, तू?"

"आधी मला सांग. त्याच्या मांडीवर घड्याळ ठेवतात?"

"ठेवतात."

"झाडाखाली तो हाक मारतो?"

"मारतो. या कानांनी ऐकली मी."

"नाही मारत, रोहे. दोनदा बघितलं. भिंतीवर काच लावल्यावर मारतो."

"कसली काच? काचबिच काही नाही त्यात."

"मला बनवू नकोस. तुला पहिल्यापासून मीठमसाला लावायची खोड. चौथीत होतीस तेव्हा मालिकेतल्या मेलेल्या दिराला जिवंत केलं होतंस हापशावर. दोन दिवस मी खूश होऊन हिंडत होते."

"तू रडायला लागली होतीस म्हणून केला जिवंत. आठ वर्षांची होते मी."

"आणि आता? अक्काची पाठ गेली, अक्का रोज रडगाणं गाते, एकदाचं मिटवून टाकावं, असं वाटलं ना तुला? ते तिथं रिकामे हात चोळत बसलेत, रोहे. तुझ्या एका हाकेवर मी ठेवून आले त्यांना."

"अक्का, जीभ सांभाळ." रोहिणी म्हणाली. "मी जे पाहिलं तेच सांगितलं." आणि फोन बंद झाला.

मंगळवारी चार वाजता घर गप्प होतं. बुधवारीही. उज्ज्वलाबाई सवयीनं चहा टाकत आणि तो निवून जाई. नवरा विसरला हे त्यांनी सोसलं होतं; तो आजार होता. पण जिच्या तोंडून आपण अर्धं आयुष्य ऐकलं, तिनंच कान फुंकावेत, याला कुठल्या आजाराचं नाव द्यायचं, ते त्यांना सुचेना.

पाचव्या दिवशी दारात मोटार थांबली. आतून तन्वी उतरली, रोहिणीची मुलगी. अडतीस वर्षांची, पुण्याला चित्रओघमध्ये मोठ्या हुद्द्यावर, नावाआधी डॉक्टर. पण ती माणसांची डॉक्टर नव्हे. तन्वीच्या लहानपणी रोहिणी आजारी होती तेव्हा तन्वी वर्षभर याच घरात राहिली होती. दत्तारावांनी तिला उरलेल्या तारेची फिरणारी मोटर करून दिली होती.

"आईनं वकील पाठवला वाटतं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. मेथीची जुडी त्यांच्या मांडीवर होती, नजर मेथीवर.

"आई रडतेय पाच दिवस." तन्वी समोर जमिनीवर बसली आणि तिनंही जुडीतल्या चार काड्या ओढून घेतल्या. "मावशी, ती खोटं बोलली नाही. तिच्या घरप्रतीत हाक झाडाखालीच आहे. मी तिच्या पडद्यावर बघून आले. आणि तूही चुकली नाहीस."

"गोष्ट एकच असते ना? रोज सांगतात की."

"सांगतात." तन्वीनं एक पान खुडलं. "मावशी, जाहिरात लागली की माणूस काय करतो?"

"काय करणार? उठून जातो."

"म्हणजे कान बंद करतो. प्रत्येकाच्या कानाला एक दार असतं. विकायला कुणी आलं की ते मिटतं. आम्ही पुष्कळ धडका मारल्या त्या दारावर. मग मी शोधायला लागले, की दार नसलेला कान कुठं असतो का. माझा प्रबंधच त्यावर आहे."

उज्ज्वलाबाईंचा हात थांबला.

"तुमचे फोन चालायचे तेव्हा मी आईच्या मांडीवर असायचे," तन्वी हळू बोलत होती. "आई तुला सांगायची, तू ऐकायचीस. पडद्यावर कुणी म्हणालं, अमुक काढा घ्या, तर तू नाक मुरडायचीस. तेच आई म्हणाली, अगं कावेरीच्या सासूनं तो काढा घेतला, की संध्याकाळी काका बाटली आणायला जायचे. त्याला मी नाव दिलं कर्णोपकर्णी. जाहिरात ज्याला विकायचं त्याला दाखवायचीच नाही. त्याच्या जवळच्या माणसाच्या घरप्रतीत पेरायची. ज्याच्या पडद्यावर पेरतो तो सांगती. ज्याच्या कानात उगवते तो ऐकती. सांगतीला ती जाहिरात वाटतच नाही, कारण तिला ती वस्तू नकोच असते. ती गोष्ट म्हणून बघते, आणि मायेनं सांगते."

"आणि ऐकणारी मायेनं ऐकते."

"हो."

"मग माझ्या पडद्यावर ती काच कुठून आली?"

"तो भाग तुझ्या घरात त्या दिवशी पहिल्यांदाच तयार झाला. तू बटण दाबलंस तेव्हा. काका निवासात गेलेत, आता तुला पुढची वस्तू हवी असणार, असं यंत्रानं धरलं. सांगणारं मध्ये कुणी नव्हतं, म्हणून सरळ तुलाच दाखवलं. हाक तीच. फक्त जागा हलवली."

हाक तीच, फक्त जागा हलवली. उज्ज्वलाबाईंनी हे वाक्य मनात एकदा फिरवून पाहिलं. दर रविवारी वाजवलेली पावलं त्यांना आठवली.

"अशा किती बहिणी आहेत तुमच्याकडे?"

"बहिणीच असं नाही. मित्र, मायलेकी, शेजारणी. चौदा लाख जोड्या आहेत."

"त्यात आम्ही होतो, हे तुला ठाऊक होतं?"

"नावं नसतात मावशी. नुसता जोड क्रमांक असतो."

"शोधलं असतंस तर सापडलो असतो?"

तन्वीनं मान हलवली. "असता."

"मग?"

"शोधलं नाही." ती मेथीकडे बघत म्हणाली. "पहिल्या वर्षी एकदा वाटलं होतं. मग वाटलं, सापडलात तर काम सोडावं लागेल."

उज्ज्वलाबाईंनी विचारलं, "आजीची ओवी म्हणायचीस ना तू, इथं असताना?"

"प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे ती," तन्वी म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिला कळलं आपण काय सांगितलं. तिनं डोळे पुसले. उज्ज्वलाबाईंनी एरवी पदर पुढं केला असता. आज केला नाही.

"तुझ्या त्या यंत्रात आमचं सगळं असेल ना लिहिलेलं? दाखव."

तन्वीनं पिशवीतून पाटीसारखा पातळ पडदा काढला. तिनं नाशिकहूनच जोड क्रमांक शोधून आणला होता. सांगती : नाशिक. ऐकती : बार्शी. गुडघ्याचं तेल. गादी. काढा. मग चारशे बारावा भाग. त्यापुढं निवासाचं नाव, आणि त्यापुढं : फलित, बावीस दिवस.

"फलित," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "आता उलटी बाजू काढ. मी सांगती असताना तिला काय काय विकलं ते."

"मावशी, कशाला?"

"काढ म्हणते ना."

तन्वी वाचत गेली. दातांची पूड. नवा पंखा, आणि त्यावर उज्ज्वलाबाईंना क्षणभर हसू आलं. तो पंखा घे म्हणून त्या रोहिणीच्या मागंच लागल्या होत्या. हवा शुद्ध करायचं यंत्र. मग तन्वी अडली.

"काय झालं?"

"भाग तीनशे सदतीस. सोमवारचा. इथं वस्तूचं नाव नाही. नुसतं लिहिलंय, जोड टिकवणे."

"म्हणजे?"

"हे मी लिहिलेलं नाही." तन्वीनं दोनदा वाचलं. तिचा चेहरा उतरत गेला. "यंत्र आपलं आपण शिकत जातं, मावशी. दोन माणसं एका घरात राहायला लागली की एकत्र बसून बघतात. एकत्र बघितलं की एकमेकींना सांगायचं काही उरत नाही. जोड तुटते. म्हणून... काय होतं त्या भागात?"

उज्ज्वलाबाईंना आठवायला वेळ लागला नाही. तो त्यांनी फार रंगवून सांगितला होता. कावेरीची विधवा बहीण भागीरथी तिच्याकडे कायमची राहायला येते. पहिले आठ दिवस हसणं-खिदळणं. मग चहात साखर कमी की जास्त यावरून कुरबुर, आणि तीन महिन्यांत दोघींच्या गाळण्यासुद्धा वेगळ्या. भागीरथी सामान घेऊन निघते तेव्हा कावेरी खिडकीत उभी राहून सुटकेचा श्वास टाकते. त्या दोन गाळण्यांवर उज्ज्वलाबाई फोनवर पोट धरून हसल्या होत्या. रोहिणी हसली होती की नव्हती, हे आता त्यांना आठवेना.

"पण हे तिला कशाला सांगायला लावलं?" त्या म्हणाल्या. "ती कुठं इकडे राहायला येणार होती?"

पाटीवरची त्यापुढची ओळ तन्वीनं हाताखाली झाकली होती. उज्ज्वलाबाईंनी तिचा हात बाजूला केला. फलित : त्याच दिवशी.

तन्वी संध्याकाळच्या आत परत गेली. जाताना म्हणाली, काम सोडते. उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "ते तुझं तू बघ." दारापर्यंत पोचवायला गेल्या नाहीत.

त्यानंतर चार दिवस त्यांनी पडदा लावला नाही, त्यावर जुनी चादर टाकली. कपाटाच्या खणातून दत्तारावांचं तारेचं रीळ काढलं आणि ते हातात धरून हिशेब मांडत बसल्या. ह्यांना घरी आणायचं. एकटीला झेपायचं नाही, हे खरंच. दुसरं माणूस हवं. दुसरं माणूस या जगात एकच होतं. नवव्या दिवशी चार वाजता त्यांनी फोन उचलला.

"रोहे."

"हं."

"तनू येऊन गेली. तू खोटं बोलली नव्हतीस. मी नको ते बोलले."

"तिनं सांगितलं मला."

"एक विचारू? मागं, दहा महिन्यांपूर्वी, तू इकडे यायचं ठरवलं होतंस?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "बॅग भरली होती, अक्का. आईचा पितळी डबासुद्धा घेतला होता. खालच्या शीतलला किल्ली देऊन ठेवली होती. म्हटलं चार वाजता तुझा फोन येईल तेव्हा सांगू. दाजींना दोघी मिळून बघू. मग तुझा फोन आला."

"आणि मी गाळण्यांचं सांगितलं."

"सांगितलंस. आणि किती हसलीस गं." रोहिणी थांबली. "मला वाटलं, अक्काला कुणाकडून तरी कळलंय मी येणार म्हणून. आडून सांगतेय, येऊ नकोस. रात्री बॅग उपसली. दहा महिने तेच मनात धरून तुझ्याशी बोलत होते. तुला सांगत होते, तुझं ऐकत होते, आणि मनात येत होतं, हिला मी नको आहे."

उज्ज्वलाबाईंनी तारेचं रीळ घट्ट धरलं. ज्या दहा महिन्यांत त्यांना वाटत होतं की निदान एक कान आपला आहे, त्या दहा महिन्यांत तो कान दुखावलेला होता, आणि दुखावला होता तो त्यांच्याच जिभेनं. कंपनीनं दोघींना फसवलं हे खरं. पण सुरी प्रत्येक वेळी एका बहिणीच्या हातात होती आणि पाठ दुसरीची.

"अक्का, आता मी येते," रोहिणी म्हणाली. "खरंच येते. दाजींना घरी आणू. तार देऊ त्यांच्या हातात. तू रात्रीचं बघ, मी दिवसाचं. परवाच्या गाडीनं निघते."

परवा. रविवारी दोघी मिळून फाटकातून आत जातील. उज्ज्वलाबाई "ये" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्याच आवाजात त्यांच्या तोंडून दुसरंच निघालं.

"हे तुला कधी सुचलं?"

"काल."

"पडदा लावतेस?"

"नाही गं. नऊ दिवस बंद आहे, तनूनं तो भाग बघितला तेवढंच. मी हात लावला नाही."

"मग काल काय झालं?"

"काही नाही. शीतल आली होती वर. रडत बसले होते, तर ती म्हणाली, इथं एकटी झुरण्यापेक्षा बहिणीकडे जा. माणसानं शेवटी आपल्या माणसात असावं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं सांगताना."

उज्ज्वलाबाई ऐकत होत्या. शीतलच्या घरी पडदा होता. शीतल रोज सकाळी मालिका बघे. शीतलची कावेरी काल कुणाकडे राहायला गेली असेल? आणि जोड तुटलीच म्हटल्यावर, दोन म्हाताऱ्या एका घरात, मध्ये एक विसरलेला माणूस, अशा घरात कुठली वस्तू लागते?

"रोहे," त्या म्हणाल्या, "शीतलला हे कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तिच्या मनात आलं." मग रोहिणीलाही कळलं. दोघींच्या मध्ये नाशिक ते बार्शी एवढी शांतता पडली. कितीतरी वेळानं रोहिणीचा आवाज आला, बारीक, हापशावरच्या पोरीचा असावा तसा. ती बोलत नव्हती, म्हणत होती.

"माझ्या जिवीचं गुज, सांगू कुणाला बाई..."

आणि थांबली. दुसरी ओळ नेहमी अक्काची.

ओळ उज्ज्वलाबाईंच्या ओठांपर्यंत आली होती. त्या फोन कानाशी धरून उभ्या राहिल्या, बहिणीचा श्वास ऐकत. साठ वर्षं त्या हा श्वास ऐकत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच तो ऐकताना त्या शोधत होत्या, याला आपल्याकडून काय हवं आहे.